जुनापाणीची सहल: पोहे झकास, इतिहास भलताच

नागपूरजवळ काटोल रोडवरच्या जुनापाणीची अर्ध्या दिवसाची 'हेरिटेज टूर' घेतली, माणशी 650 रुपये. साडेसहाला गाडी दारात, वाटेत गरमागरम तर्री-पोहे. इथवर पाचपैकी पाच.

मग गाईडभाऊंनी तोंड उघडलं. शिळावर्तुळांकडे, म्हणजे गोलाकार मांडलेल्या दगडांकडे, हात करून म्हणाले, "एवढे दगड माणसानं आणले असतील का? परग्रहावरची यानं इथंच उतरायची!" समोरचा दगड माझ्या गुडघ्याला लागत होता. चार धट्टेकट्टे गडी असले की झालं की हो!

इथं अशी सुमारे 300 वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनस्थळं. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 मध्येच त्यांच्यावर लिहिलं, 1961 च्या सुमारास पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं. निघालं काय, तर लोखंडी वस्तू अन् मडकी. यानाचा एक स्क्रूही नाही.

एका दगडावर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले दिसले. बोट घातलं, करंगळीचं पेर जेमतेम बुडालं. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "हे शास्त्रज्ञ लपवतात." अहो, लपवतात कुठे? या खळग्यांचा दिशांशी अन् ताऱ्यांशी काही मेळ बसतो का, हे मोजून त्यांनीच निबंध छापलेत. तसं म्हटलं, तर भाऊ "तुम्ही फार पुस्तकी बोलता मॅडम" म्हणून पुढं निघाले. माझा भाचा मात्र अजून यानाचंच चित्र काढतोय.

दोन तारे, तेही ड्रायव्हर अन् पोह्यांना. स्वतःच जा, बूट घालून. गोखरू फार आहे.