क्षमताधिष्ठित अध्यापनाचे प्रशिक्षण: सत्रे उत्तम, पाठबळ अपुरे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील मराठी प्राथमिक शिक्षकांसाठी एका संस्थेने घेतलेले हे प्रशिक्षण, पाठ्यक्रम पूर्ण करण्यापेक्षा मुलाला काय येते याकडे पाहायला शिकवणारे असल्याने, मला मनापासून आवडले. गणिताचे सत्र सर्वांत सरस होते. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, म्हणजे त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करणे येत नाही, हे मुलांच्या वह्यांवरूनच दाखवण्यात आले. अशी नजर मिळाली की सरसकट गृहपाठ देणे आपोआप थांबते. भाषेचे सत्र मात्र उरकल्यासारखे झाले.

खरी उणीव पुढची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. परंतु तास भरले तरी, एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षिकेने प्रत्येक मुलाची नोंद कधी ठेवायची, हे सांगायला नंतर कोणीही वर्गात फिरकले नाही. नोंदींचे तक्ते तेवढे वेळेवर मागवले गेले. पुढील तुकडीसाठी संस्थेने सत्रे कमी करून शाळाभेटी ठेवाव्यात आणि पहिली भेट एकशिक्षकी शाळेला द्यावी.