पिक्चर १९६७ चा, पण पोस्टर?

बावीस हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

भाच्याने पेंचला, सिल्लारी गेटच्या अलीकडे, चार खोल्यांचा होमस्टे काढला. शिवनीचं जंगल म्हणजे मोगलीचं जंगल, तेव्हा बैठकीत मोगली हवाच हे ठरलेलं. आपल्या पिढीला ठाऊक असलेला मोगली दूरदर्शनवरचा, रविवार सकाळचा. ती जपानी मालिका होती. मला मात्र डिस्नेच्या ‘द जंगल बुक’चं पोस्टर हवं होतं, तेही अस्सल, पहिल्यांदा लागला तेव्हाचं. ही हौस माझी. भाच्याला साधं फ्लेक्ससुद्धा चाललं असतं.

जुन्या वस्तूंच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नागपूरच्या सदरमधला एक जण भेटला. त्याच्या फ्लॅटवर गेलो. त्याने बटर पेपरमधून पोस्टर असं काढलं, जसं बाळंतिणीच्या खोलीतून कोणी बाळ आणतं. कागद पिवळसर, आठ घड्यांच्या खुणा, वर डांबरगोळ्यांचा वास.

“भाऊ, माझ्यावर विश्वास ठेवूच नका,” तो म्हणाला. “मोबाइल काढा, पिक्चर कधी लागला ते माझ्यासमोर पाहा.”

पाहिलं. अमेरिकेत १८ ऑक्टोबर १९६७. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले, म्हणजे पिक्चर लागायच्या दहा महिने आधी. हे त्याने तोंडपाठ सांगितलं, तेही बरोबर निघालं. त्याच्याकडे एक ‘अस्सलपणाचा दाखला’ होता, त्यावरही हीच तारीख, खाली सोनेरी शिक्का. माणूस स्वतःहून एकेक गोष्ट तपासायला लावून राहिला होता आणि एकेक गोष्ट बरोबर निघून राहिली होती. पंचवीस सांगितले, बावीसवर जमलं, तिथेच उभ्या उभ्या यूपीआय केलं.

तारीख पिक्चरची होती. ती कोणालाही अर्ध्या मिनिटात सापडते. हातातला कागद कधी छापला, हे ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं.

फ्रेम करायला नागपुरातच महाल भागात नेलं. फ्रेमवाल्याने पोस्टर काचेवर पसरलं, घडीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं. “साहेब, ही घडी नाही. घडीचा फोटो आहे.” मीही बोट फिरवलं. डोळ्यांना घडी स्पष्ट दिसत होती, कडेला पांढरट झिजलेली. बोटाला काहीच लागेना. गुळगुळीत.

तिथून तसाच प्रेसवाल्या मित्राकडे. त्याने शर्टाच्या खिशातून भिंग काढलं, दोन मिनिटं पाहिलं आणि “काहून बे, केवढ्याला पडलं?” एवढंच विचारलं. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत बसतात, फुलासारखी नक्षी दिसते. इथे ठिपके विस्कटलेले, जशी रांगोळी उडवली. इंकजेट. म्हणजे जुन्या पोस्टरचा फोटो काढून परवा-तेरवा काढलेली प्रिंट.

त्या रात्री मी बसून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. त्या काळची अमेरिकन थिएटरची पोस्टरं साधारण २७ बाय ४१ इंच असत. माझं २४ बाय ३६ भरलं, म्हणजे आजकाल दुकानात विकतात तो माप. मोजपट्टी माझ्या घरात शिलाई मशीनच्या खणात पडून होती!

पण त्याहून वाईट म्हणजे, ज्याचा फोटो काढला ते पोस्टरही १९६७ चं नव्हतं. उजवीकडे खाली चौकटीत इंग्रजी ‘जी’ हे अक्षर होतं, म्हणजे सगळ्यांनी पाहावा असा पिक्चर. अमेरिकेत ही अक्षरांची पद्धत सुरू झाली १ नोव्हेंबर १९६८ ला. सदुसष्टच्या कागदावर ती येईल कुठून? शिवाय तळाच्या बारीक आकड्यांच्या आधी ‘आर’ होता. पोस्टरं वाटणारी तिथली यंत्रणा पुन्हा लागलेल्या पिक्चरच्या पोस्टरवर हे अक्षर टाकायची, पुढे सालाचे दोन आकडे. माझ्यावर ७८. ‘जंगल बुक’ तिकडे १९७८, १९८४ आणि १९९० मध्ये पुन्हा लागला होता. हे दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं, त्या फ्लॅटवर, दिवसाच्या उजेडात. मी बघीरा पाहत होतो.

फोन केला तर तो शांत. “भाऊ, पिक्चर सदुसष्टचाच आहे नं? मी पोस्टर कधीचं आहे असं कुठी म्हटलं?” बिल काढून पाहिलं. ‘जंगल बुक (१९६७) पोस्टर, १ नग’. अस्सल हा शब्दच नाही. दाखल्यावरही ‘या चित्रपटाचे मूळ प्रदर्शन’ असं होतं, वाक्य पिक्चरबद्दलचं. इतकं जपून लिहिलेलं कागदपत्र मी वकिलाकडेही पाहिलं नाही. व्हॉट्सॲपवर त्याने एकदाही ‘ओरिजिनल’ लिहिलं नव्हतं. तो शब्द प्रत्येक वेळी मीच लिहिला होता आणि त्याने होकाराचा अंगठा टाकला होता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, तेव्हा तिथेही जाणार. तो अंगठाच माझा पुरावा, बघू किती चालतो. ज्यांना असं काही घ्यायचं आहे त्यांनी बिलावर ‘हा कागद अमुक साली छापलेला आहे’ असं लिहून मागा. लिहून देत नसेल तर चहा पिऊन परत या.

परवा त्याच्या स्टेटसला नवीन माल दिसला. ‘स्नो व्हाइट, १९३७’. पिक्चरचा पहिला खेळ लॉस एंजेलिसला २१ डिसेंबर १९३७ लाच झाला, तेव्हा तारीख पुन्हा बरोबर. मी विचारलं, “घडीवर हात फिरवलेला व्हिडिओ पाठवता का, भाऊ?” निळ्या टिक आल्या. मग त्याचा डीपी दिसेनासा झाला.