आठ महिने मोठ्याने वाचलेली राजकारणाची पुस्तकं

माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि दिवाळीनंतर ते निफाडहून आमच्याकडे पंचवटीत राहायला आले. पेपर वाचून दाखवता दाखवता मी पुस्तकं सुरू केली. त्यांना राजकारणाचीच हवी होती. तेव्हापासून आषाढापर्यंत जवळजवळ रोज, जेवणं झाली की पाऊण तास. तेव्हा खाली लिहिलंय ते कानाने पारखलेल्या पुस्तकांबद्दल आहे.

सगळ्यात जास्त वापर झाला महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा. दोनदा पूर्ण, आणि चौथं प्रकरण किती वेळा ते मोजलंच नाही. कॉलेजात असताना हे पुस्तक मी अर्ध्यावर सोडलं होतं. १८८३ची मराठी, लांबलचक वाक्यं, सुरुवात कुठे होती तेच विसरायला व्हायचं. मोठ्याने वाचताना मात्र तीच वाक्यं सरळ झाली. एकामागून एक तपशील येत जातात, आवाज आपोआप चढतो आणि क्रियापद येईपर्यंत ऐकणारा जागचा हलत नाही. फुल्यांनी हे लिखाण पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवण्यासाठीच ते घडलंय, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन परतणारा कुळंबी आहे. तो वाटेत स्वतःशीच बोलतो, मग त्याचं घर येतं. घरातली एकेक वस्तू, एकेक कोपरा. अण्णा म्हणाले, “पोरी, हे आपलं जुनं घर आहे. चुलीजवळची भिंतसुद्धा.” मग ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यातबंदी आली त्या दिवसांबद्दल बोलत राहिले. लासलगावला लिलाव बंद, माल भरलेला ट्रॅक्टर दारात उभा, आणि विचारायचं कोणाला ते कळेना. १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात ते तरुणपणी रस्त्यावर बसले होते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी साहेबांनी उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला शिकवलं, असं ते आजही सांगतात. त्या रात्री वाचन झालंच नाही.

पाचव्या प्रकरणात फुले उपाय सुचवतात. लष्करातली आणि पोलिसांतली रिकामी माणसं लावून ताली-बंधारे बांधा, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या, मग ते ओढ्यानाल्याला जाऊ द्या. पाणलोटाची कामं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. न पटलेलंही सांगते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामावर एवढा आसूड ओढूनही इंग्रज सरकारच्या दयेवर त्यांची जी भिस्त आहे, तिथे आम्ही दोघेही अडलो. घेताना शब्दांचे अर्थ दिलेली प्रत घ्या. माझ्या प्रतीत ते नाहीत, आणि औतकाठीचे कितीतरी शब्द मला अण्णांनाच विचारावे लागले.

दुसरं पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चं मराठी भाषांतर. १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी त्यांना बोलावलं, पण मंडळाला मजकुरात बदल हवे होते, बाबासाहेब एक स्वल्पविराम बदलायला तयार नव्हते, परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, १५०० प्रती. न झालेलं भाषण घरात मोठ्याने वाचताना अंगावर काटा येतो. आमच्या घरापासून काळाराम मंदिर पायी दहा मिनिटांवर. २ मार्च १९३०ला तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. भाषणातला युक्तिवाद या सगळ्याच्या पाठोपाठ आलेला आहे, हे नाशिकच्या माणसाने तरी विसरू नये. १९३७च्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला उत्तर, दोन्ही आहे. ती जोड असलेलीच प्रत घ्या. भाषांतरं बरीच मिळतात. दुकानातच दोन पानं ओठ हलवून वाचून बघा, जीभ अडखळली तर ठेवून द्या.

यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र अण्णांना फार आवडलं. भाषा इतकी निर्मळ की पानं कधी सरली कळलं नाही. फक्त ते १९४६पर्यंतच येऊन थांबतं. १९६३ला नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं, ती हकीकत त्यांच्या शब्दांत ऐकायची अण्णांची इच्छा राहून गेली. पुढचे खंड लिहून व्हायच्या आतच यशवंतराव गेले. अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही कादंबरी आम्ही आठवड्यात संपवली. पात्रं खूप असल्यामुळे मला कागदावर नावं लिहून ठेवावी लागली.

वैशाखात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मोठा टाइप ते स्वतः वाचतात, तरी रात्रीची बैठक चालूच आहे. सध्या संविधान सभेतलं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण घेतलंय. राजकारणातल्या भक्तीने हुकूमशाही येते, हा भाग आला तेव्हा अण्णांनी हात वर करून मला थांबवलं, धाकट्या नातवाला आतून बोलावून घेतलं आणि तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला.