कातालानमधून मराठीत : गिरगावातील एका भाषांतर सेवेचा अनुभव

पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये आर्मान्याक आणि बर्गंडी या दोन पक्षांत झालेल्या यादवीवर मराठीत टिपणे तयार करताना मला कातालान या स्पेनच्या ईशान्येकडील भाषेतल्या एका लेखाची गरज पडली. गिरगावात दोन खोल्यांच्या जागेत चालणाऱ्या एका लहान भाषांतर सेवेकडून तीस पानांचा हा लेख मी मराठीत करून घेतला. काम एकच बाई पाहतात आणि सेवा घरगुती स्वरूपाची आहे, म्हणून नाव देत नाही.

त्याआधी हाच लेख मी शहरातील एका मोठ्या भाषांतर संस्थेकडे दिला होता. तिथून आलेल्या मजकुरात १४१८ साली पॅरिसमध्ये 'आर्मान्याक मद्याचे साठे नष्ट करण्यात आले' असे वाक्य होते. मूळ लेखात तिथे आर्मान्याक गटाच्या लोकांच्या कत्तलीची नोंद आहे. बर्गंडी पक्षाचे लोक मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये शिरले आणि १२ जूनला आर्मान्याकचा काउंट सातवा बेर्नार आपल्या अनेक साथीदारांसह मारला गेला. कातालानमध्ये गटाचे आणि मद्याचे नाव एकच असून दोन्ही लहान अक्षरानेच लिहितात, त्यामुळे केवळ शब्दाकडे पाहून अर्थ ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु संदर्भ न वाचता काम झाल्यामुळे मेलेल्या माणसांची नोंदच पानावरून पुसली गेली, याचे मला फार वाईट वाटले. त्याच मजकुरात बर्गंडीचा ड्यूक 'निर्भय झाँ' ही स्त्री झाली होती, कारण कातालानमधील त्याचे नाव रोमन लिपीत जोन ऑफ आर्कच्या इंग्रजी नावासारखेच दिसते.

गिरगावच्या बाईंनी मजकूर हाती घेण्याआधी मला बोलावून घेतले आणि गटाच्या नावाच्या या एका शब्दावर आम्ही जवळजवळ तासभर बोललो. छापील पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने चार पर्याय लिहून ठेवले होते : आर्मान्याककर, आर्मान्याकवाले, ऑर्लेआँ पक्ष आणि आर्मान्याकपक्षीय. पहिला पर्याय मला ऐकताक्षणी आवडला होता, कारण निंबाळकर, होळकर अशा नावांची आपल्या कानाला सवय आहे. पण 'कर' लावला की माणूस त्या गावचा ठरतो, आणि या गटातले बहुसंख्य लोक नैऋत्य फ्रान्समधील गॅस्कनीतल्या आर्मान्याक परगण्याचे नव्हतेच, हे त्यांनी लगेच दाखवून दिले. नाव पडले ते सोयरिकीमुळे. २३ नोव्हेंबर १४०७ रोजी ऑर्लेआँचा ड्यूक लुई याचा पॅरिसच्या रस्त्यात खून झाला. तो निर्भय झाँने करवला होता. लुईच्या मुलाने, शार्लने, १४१० मध्ये बेर्नारच्या मुलीशी लग्न केले, आणि पुढे पक्षाची सूत्रे सासऱ्याच्या हाती गेल्याने पक्षाला त्याच्या परगण्याचे नाव चिकटले. म्हणून 'ऑर्लेआँ पक्ष' लिहिले तर आरंभ बरोबर येतो, पण १४१० नंतरचा बदल झाकला जातो. 'वाले' बोलण्यात ठीक आहे, ग्रंथात हलके वाटते. शेवटी 'आर्मान्याकपक्षीय' ठरला. नारायणरावांच्या खुनानंतर उभ्या राहिलेल्या बारभाईंची आठवण त्यांनीच काढली : खुनातून गट तयार होणे मराठी वाचकाला परके नाही, तेव्हा 'पक्ष' हा शब्द त्याला नेमका कळेल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

उच्चाराबाबतही त्यांची काळजी वाखाणण्यासारखी आहे. इंग्रजी वळणाचे 'आर्मॅग्नॅक' त्यांनी घेतले नाही, कारण फ्रेंचमध्ये तिथे 'ग' उच्चारला जात नाही. आणि कातालान अनेकवचनाचा शेवटचा 'स' मराठीत आणला नाही, कारण आपले 'आर्मान्याकांनी' ते काम करते.

उणिवाही सांगायला हव्यात. ठरलेल्या मुदतीपेक्षा नऊ दिवस उशीर झाला, आणि तो आधी कळवला गेला नाही. आर्मान्याक फ्रेंच उच्चाराने आणि बर्गंडी मात्र इंग्रजी उच्चाराने, ही विसंगती मला अजून खटकते. बर्गंडी मराठीत रुळलेले आहे हे त्यांचे उत्तर योग्य असले तरी त्याची एक ओळ तळटीपेत यायला हवी होती. शब्दाला साडेतीन रुपये हा दर विद्यार्थ्यांना जड जाईल, पण तासभराच्या त्या चर्चेचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक यांच्यात १४३५ मध्ये झालेल्या आरासच्या तहावरचा दुसरा कातालान लेख मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडेच दिला आहे. या वेळी मुदत लेखी ठरवून घेतली, आणि बर्गंडीची तळटीप त्यांनी आपणहून कबूल केली.