बिल ग्राफ्टचे, मोजणी केसांची

सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका केशरोपण केंद्राने माझ्याकडून ३,००० ग्राफ्टचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात ३,००० केस लावले. डोक्यावरचे केस सुटे उगवत नाहीत, पुंजक्यांनी उगवतात. मुळासकट काढलेला असा एक पुंजका म्हणजे ग्राफ्ट; त्यात साधारणपणे १ ते ४ केस असतात, सरासरी २ च्या आसपास, म्हणजे माझ्या पैशांत जवळपास ६,००० केस बसायला हवे होते. बिलावर ‘ग्राफ्ट’ छापलेले होते, मात्र शस्त्रक्रियेच्या नोंदीत बेरीज केसांचीच होती, आणि हे त्या नोंदीची झेरॉक्स हट्टाने मागून घेतल्यावरच कळले.

ज्यांची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगली होती, ते डॉक्टर मार्करने केशरेषा आखून निघून गेले आणि थेट ड्रेसिंगच्या वेळी उगवले. मुळे काढण्याचे व ती रोवण्यासाठी छेद देण्याचे काम दोन मुलांनी केले, आपापसात गप्पा मारत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच या शस्त्रक्रियेसाठी प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टर आवश्यक असल्याचे स्पष्ट केले आहे. मिरजेसारखे रुग्णालयांचे गाव शेजारी असताना हे चालते, याचे नवल वाटते.

मुळे एकाच पट्ट्यातून दाटीने उपटल्यामुळे डोक्याची मागची बाजू कसर लागलेल्या घोंगडीसारखी दिसते, आणि काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही. शिवाय ‘कायमस्वरूपी’ हा शब्द फक्त लावलेल्या केसांना लागू होतो. मूळच्या उरलेल्या केसांची हार्मोनमुळे होणारी गळती चालूच राहते आणि त्यासाठी औषधोपचाराचा विचार वेगळा करावा लागतो, हे कोणी सांगितले नाही.

तक्रार केली की उत्तर ठरलेले: वर्षभर थांबा. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे येऊ लागतात आणि अंतिम परिणाम दिसायला सुमारे १२ महिने लागतात, हे खरेच आहे. म्हणूनच ही सबब इतकी बेमालूम चालते. परंतु ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत २ वर्षांची आहे आणि त्यातील निम्मी या थांबण्यातच जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक तपासावा, छेद कोण देणार ते लेखी घ्यावे आणि एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती याची वेगवेगळी नोंद त्याच दिवशी सहीसह मागावी.