इलेक्ट्रिक गाडीला चांगल्या पकडीचे टायर: नऊ महिन्यांचा अनुभव

सोलापूरजवळच्या बाळ्याहून पुणे हायवेला लागताना मागून ट्रक येतोय, मी ॲक्सिलरेटर दाबलाय आणि पुढची चाकं ओल्या मातीवर जागेवरच फिरतायत. गेल्या वर्षीच्या वळवाच्या पावसातला हा प्रसंग. मागे आई बसली होती. त्याच आठवड्यात टायर बदलायचं ठरवलं.

माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद पुढच्या चाकांना मिळते. इलेक्ट्रिक मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, आणि गाडी सुटताना भार मागे सरकतो. म्हणजे ओढायचं काम ज्या चाकांचं, तीच हलकी होतात. चाक घसरलं की गाडीतली ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा मोटरची ताकद कापते. मूळचे टायर रेंजसाठी बनवलेले, कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारे. पकडीत कमी पडायचे.

माप तेच घेतलं, २१५/६० आर १६, रबर मात्र मऊ. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळच्यापेक्षा कमी अजिबात घेऊ नका, बॅटरीचं वजन मोठं असतं. काही टायरच्या कडेवर ट्रॅक्शन ए किंवा एए अशी श्रेणी लिहिलेली असते, ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून ठरवतात. त्यावरून पिकअपचा अंदाज बांधू नका.

पहिले पंधरा दिवस मी नाराज होतो. एक तर नव्या टायरवरचा गुळगुळीत थर जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. दुसरं म्हणजे, सकाळी गार टायरची हवा मोजली तर ४० पीएसआय! दरवाज्याजवळच्या स्टिकरवर ३३. आपल्याकडे ‘ॲव्हरेज वाढतं’ म्हणून जास्त हवा भरतात, पण त्यामुळे रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. ३३ वर आणली आणि त्याच दिवशी फरक कळला. आता दर पंधरवड्याला गाडी चालवण्याआधी मोजतो. सोलापूरच्या उन्हात दुपारी आकडा चढलेला दिसतो, तेव्हा हवा काढायची नाही.

पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर फोनच्या जीपीएसने, जाऊन-येऊन सहा वेळा मोजलं: ताशी शून्य ते ६० किलोमीटर वेग गाठायला आधी सरासरी ५.२ सेकंद, आता ४.७. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पावसात सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नल सुटल्यावर गाडी न अडखळता निघणं.

किंमत मोजावी लागली. युनिटला ७.२ किलोमीटर मिळायचे, आता ६.८. रस्त्याचा आवाजही थोडा वाढलाय. १३ हजार किलोमीटरमध्ये पुढची नक्षी मागच्यापेक्षा बरीच झिजली. १० हजारालाच पुढचे-मागचे अदलाबदल करायला हवे होते, ते राहिलं. कडेच्या सुट्या मातीवर चाक अजूनही फिरतं, तिथे मी इको मोड (कमी ताकदीची सेटिंग) लावून हळू सुटतो.