पेठेतलं छोटं म्युझियम आणि तिथली पेन्शनर गँग (४ स्टार)

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, पण पेन्शनर कामाला लागले की काय होतं ते बघायचं असेल तर आमच्या पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर जा. नाव लिहीत नाही, खाली तक्रारीपण आहेत आणि सगळी माणसं ओळखीची.

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली तेव्हा सरकारी संग्रहालयाची केवढी चर्चा झाली, इकडे मात्र कोणी फिरकत नाही. स्टाफ म्हणजे एकच माणूस, कुलूप तोच उघडतो, झाडतो तोच, तिकीटपण तोच फाडतो. मग वस्तूंची यादी कोण करणार? म्हणून हे रिटायर्ड लोक बसतात, बँकेतले एक काका, शाळेतल्या बाई, आणि जमिनीच्या रेकॉर्डात आयुष्य घालवलेले एक आजोबा जे मोडी लिपी पेपर वाचल्यासारखी वाचतात. कागदावर शुहूर सन (मराठ्यांच्या जुन्या कागदांतली वर्षगणना) ११६० दिसला की लगेच ५९९ मिळवून १७५९ सांगतात आणि वर "मृगाला वर्ष सुरू होतं हो, म्हणून पुढचे काही महिने १७६० मध्ये जातात" हे ऐकवतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते नंबर टाकणं. तलवारीवर डायरेक्ट पेन नाही चालवायचं, आधी पॅरालॉइड बी-७२ नावाच्या पारदर्शक लाखेसारख्या रेझिनचा पातळ थर, त्यावर बारीक नंबर, वर परत थर, म्हणजे उद्या काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. कापडाला सुती पट्टी टाचायची, कागदाला मागून मऊ पेन्सिल. मी शिवराईकडे बघून म्हटलं काका जरा चिंचेने चकाचक करा की, तर काका असे बघायला लागले जसं काय मी व्हॉल्टची किल्ली मागितली! तो काळपट थरच नाण्याला सांभाळतो म्हणे.

आणि लेबलं खरी आहेत. पूर्वी एका कट्यारीखाली अमक्या सरदाराची असं ठोकून दिलेलं, आता "देणाऱ्या घराण्याच्या सांगण्यानुसार" असं लिहिलंय. काही लोकांना राग येतो याचा. अहो पण वाघनखांच्या पेटीवरपण शिवाजी महाराजांचं नाव कोरलंय, तरी लंडनच्या म्युझियमने नोंदीत लिहिलंच ना की हीच ती याची खात्री करता आलेली नाही? यात अपमान कसला, उलट इथलं बाकीचं लेबल वाचताना भरवसा वाटतो.

एक स्टार कापला कारण जिना उभा आहे, गुडघेवाल्यांनी विचार करून चढा, लेबलांचे अक्षर मुंगीएवढे, आणि सगळं अजून रजिस्टरातच आहे, कॉम्प्युटरवर चढवायला कोणी तरुण येत नाही आणि संस्थेच्या कमिटीला त्याचं काही पडलेलं नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते तरी मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्याच कपाटात, हे बाईंनी कितीदा सांगितलंय.

सकाळीच जा. दुपारी जेवून सगळे झोपतात आणि तिकीटवाल्याला विचारलं तर तो नुसता हात दाखवतो.